‘पर्सन’ म्हणजे कोण?

आज आपण एक अगदी साधा इंग्रजी शब्द घेऊ : ‘पर्सन’. पर्सनल लोन, पर्सनॅलिटी, ‘पर्सनली सांगतो हं’... दिवसातून दहादा तो आपल्या तोंडी येतो. अर्थ काय? आपण म्हणू, माणूस. मग कायद्यात कंपनीसुद्धा ‘पर्सन’ कशी?

मूळ शब्द लॅटिन, ‘पर्सोना’. अर्थ, नटाचा मुखवटा. ‘ज्यातून आवाज घुमतो तो’ अशी व्युत्पत्ती रोमन काळापासून सांगतात; पण ऱ्हस्व-दीर्घाच्या हिशेबात ती बसत नाही. बरेच अभ्यासक एट्रुस्कन ‘फेर्सु’कडे बोट दाखवतात. इटलीत तार्क्विनियाच्या एका थडग्यात मुखवटाधारी आकृतीशेजारी हा शब्द लिहिलेला आहे.

मुखवट्यावरून पात्र, पात्रावरून समाजातली भूमिका, आणि तिथून कोर्टातला वादी किंवा प्रतिवादी, असा अर्थ सरकत गेला. म्हणजे बघा, ‘पर्सन’ हे शरीराचं नाव नव्हतं, तो एक दर्जा होता. आणि दर्जा दिला जातो, तसा नाकारलाही जातो. रोममधला गुलाम हाडामांसाचा माणूसच होता; पण त्याला विकता येई, आणि स्वतःच्या नावाने त्याला दावा लावता येत नसे.

सहाव्या शतकात बोएथियसने व्याख्या बदलली : विवेकशील स्वभावाचं एकेकटं अस्तित्व म्हणजे ‘पर्सन’. आता कसोटी समाजाच्या मान्यतेची नाही, विवेकाची. 1694 मध्ये लॉकने जाणिवेवर बोट ठेवलं : काल मी जे केलं ते माझंच, असं ज्याला कळतं तो ‘पर्सन’. कांटने 1785 मध्ये आणखी पुढे जाऊन बजावलं की ‘पर्सन’ला नुसतं साधन म्हणून वापरू नका.

जुना अर्थ मात्र कायद्यात टिकून राहिला. 1925 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने हिंदू देवमूर्तीला कायद्यातली व्यक्ती मानलं. 2017 मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा-यमुनेला तो दर्जा दिला. सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली.

आता आपला शब्द पाहू. ‘व्यक्ती’ म्हणजे जे व्यक्त झालं, प्रकट झालं ते. पर्सोना झाकते, व्यक्ती उघड होते! पण यावरून फुशारकी नको. शब्द इतका मोकळा असूनही आपण कित्येकांना पाणवठ्यावर येऊ दिलं नाही. तेव्हा शब्दाचा अर्थ कोशात सापडेल. तो कुणाला लागू करायचा, हे मात्र आपल्यालाच ठरवावं लागतं.