दानवस्तु-संकलन केंद्र आणि गावपातळीवरील नियोजन-परवानगी

धर्मादाय कार्य आणि भूमि-नियोजन हे दोन विषय सामान्यतः भिन्न विचारक्षेत्रांतील मानले जातात. पहिल्याचा संबंध दात्याच्या हेतूशी असतो, दुसऱ्याचा जमिनीच्या वापराशी. परंतु वापरलेले कपडे, भांडी, पुस्तके, अंथरुणे-पांघरुणे लोकांकडून स्वीकारून ती गरजूंपर्यंत पोहोचविणारे केंद्र एखाद्या गावात काढावयाचे ठरले, की ही दोन्ही क्षेत्रे एकाच अर्जात एकत्र येतात. 'हे काम चांगले आहे काय?' या प्रश्नाचे उत्तर ग्रामपंचायतीला सहज देता येते. 'हे काम या जागेत चालू द्यावे काय?' या प्रश्नाचे उत्तर मात्र तितके सुलभ नसते. या दोन प्रश्नांतील भेद स्पष्ट करणे आणि दुसऱ्या प्रश्नाचा निर्णय कोणत्या कसोटीवर व्हावा हे पाहणे, हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे. विवेचन मूर्त व्हावे म्हणून पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील अवसरी खुर्द हे गाव उदाहरणादाखल घेण्यात आले आहे. अर्ज काल्पनिक आहे. गाव, परिसर आणि कायदा मात्र वास्तव आहेत.

गाव आणि गरज

अवसरी खुर्द हे मंचरच्या निकटचे, पुणे-नाशिक मार्गाच्या परिसरातील गाव होय. शेती हा त्याचा मूळ आधार. परंतु शासकीय अभियांत्रिकी व संशोधन महाविद्यालय २००९ साली येथे सुरू झाल्यापासून आणि शासकीय तंत्रनिकेतनही येथेच असल्याने, बाहेरगावच्या विद्यार्थ्यांची वस्ती गावाच्या जीवनाचा एक भाग झाली आहे. शिक्षण संपवून वसतिगृह सोडणारा विद्यार्थी गादी, बादली, पुस्तके, जुने कपडे मागे ठेवून जातो, हा सर्वत्र येणारा अनुभव आहे. गावातील घरांतही दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत असेच सामान निघते. म्हणजे देण्याजोग्या वस्तूंची आवक वर्षभर सारखी नसून ठराविक काळी एकदम वाढणारी असते.

घेणाऱ्यांची बाजू पाहिली तर तालुक्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या कुशीत महादेव कोळी व ठाकर समाजांची गावे आहेत. पूर्वेकडील बागायती पट्ट्यात ऊसतोडीसाठी दसऱ्यानंतर मजुरांची कुटुंबे येऊन खोपट्यांत राहतात. थंडीच्या दिवसांत पांघरुणाची गरज या दोहोंनाही भासते. तेव्हा देणारे आणि घेणारे यांच्यामधील अंतर मोठे नाही. त्यांना जोडणारी जागा नाही, एवढेच.

या परिसराला मदतीच्या प्रश्नाचे भान एका दारुण घटनेने दिलेले आहे. ३० जुलै २०१४ रोजी याच तालुक्यातील माळीण गावावर डोंगराचा कडा कोसळला आणि दीडशेच्या वर माणसे गाडली गेली. उरलेल्या कुटुंबांचे पुनर्वसन जवळच्या आमडे येथे होऊन नवे गाव २०१७ साली त्यांच्या स्वाधीन करण्यात आले. पुण्याहून माळीणकडे जाणारी वाट मंचर व घोडेगाव यांवरूनच जाते. अशा प्रसंगी वस्तू कोठे उतरवाव्यात, त्या कोणी निवडाव्यात आणि नको असलेल्यांचे काय करावे, हे आधी ठरलेले नसेल, तर मदत हाच मदतकार्यातील अडथळा ठरतो. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनारी भागात दान म्हणून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पडून राहिले होते. त्या प्रदेशातील लोकांच्या पेहरावाशी न जुळणारे, किंवा मुळातच वापरण्याजोगे नसलेले असे ते कपडे होते. दात्यांच्या हेतूत उणेपण नव्हते. उणीव होती ती व्यवस्थेत.

जुनी वाट

जुन्या वस्त्राला गावातून बाहेर जाण्याची वाट पूर्वी नव्हती असे नाही. सुती लुगडे विरले की त्याची वाकळ किंवा गोधडी होई. उरलेले कपडे बोहारीण घेई व बदल्यात भांडे देई. ती हे कपडे निवडून, धुऊन, दुरुस्त करून शहरातील जुन्या बाजारात विके. या व्यवहाराचे एक वैशिष्ट्य नियोजनाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. त्याला गावात जागा लागत नसे. बोहारीण दारी येई आणि बोचके घेऊन निघून जाई. साठा गावात होतच नसे. शिवाय ज्याला पुढे गिऱ्हाईक नाही असा कपडा ती मुळी घेतच नसे. म्हणजे निवड ही स्वीकारण्यापूर्वी होत असे. संकलन केंद्रात हा क्रम उलटतो. प्रथम स्वीकार, नंतर निवड. जागेचा प्रश्न या उलटण्यातून उत्पन्न होतो.

कायद्याची चौकट

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ यातील कलम ५२ बांधकामाच्या पूर्वपरवानगीविषयी, तर कलम ५३ सार्वजनिक रस्ते व मोकळ्या जागा यांवरील अडथळे आणि अतिक्रमणे यांविषयी आहे. गावठाणात नवी इमारत बांधावयाची असेल तर पहिले कलम लागू होते. केंद्राच्या दाराबाहेर रात्री कोणी गाठोडी टाकून गेले तर दुसऱ्याचा प्रश्न उद्भवतो.

गावठाणाबाहेर विषय निराळा होतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या कलम १८ अन्वये, प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात शेतीखेरीज अन्य कारणासाठी जमिनीचा वापर करणे अथवा विकास करणे यास सामान्यतः जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. याच अधिनियमात 'विकास' या संज्ञेची व्याख्या व्यापक आहे. केवळ बांधकाम नव्हे, तर इमारतीच्या किंवा जमिनीच्या वापरातील महत्त्वाचा बदलही 'विकास' ठरतो. एखाद्याने बटाटा साठविण्याची जुनी वखार एकही वीट न हलविता कपड्यांच्या संकलनासाठी दिली, तरी प्रश्न संपत नाही. वापर बदलला काय, हे पाहावेच लागते. डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या राज्याच्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत कोणत्या विभागात कोणते वापर अनुज्ञेय आहेत हे दिलेले आहे. जमीन महसूल संहितेतील बिगरशेती परवानगीच्या अटी २०१४ पासून टप्प्याटप्प्याने शिथिल होत आल्या आहेत. तथापि महसुली रूपांतर सुलभ झाले म्हणून नियोजन-परवानगी अनावश्यक झाली, असा त्याचा अर्थ नव्हे.

तिसरा प्रकार गायरानाचा. 'गावाचेच काम आहे, गायरानात एक खोली बांधू' ही सूचना ग्रामसभेत स्वाभाविकपणे पुढे येते. परंतु २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गावांच्या सामाईक जमिनींच्या रक्षणाविषयी कडक निर्देश दिले आणि त्याला अनुसरून राज्य शासनाने १२ जुलै २०११ च्या निर्णयाने गायरान अन्य कारणांसाठी देण्यावर निर्बंध घातले. हेतू धर्मादाय आहे म्हणून खाजगी संस्थेला तेथे वाट मोकळी होत नाही.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख आवश्यक आहे. अर्जदार संस्था सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेली असते. दारिद्र्य किंवा आपत्ती यांचे निवारण हा त्या कायद्यानुसार धर्मादाय हेतूच होय. पण ती नोंदणी संस्थेचे स्वरूप सांगते, जागेचा वापर नव्हे. नोंदणीपत्र दाखविल्याने नियोजनविषयक प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. तसेच ते नसल्याने जागा अयोग्यही ठरत नाही.

वर्गीकरणाची अडचण

नियोजनाचा कायदा वापराचे वर्ग करून चालतो. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत निवासी, शैक्षणिक, संस्थात्मक, जनसमुदायाच्या, कार्यालयीन, व्यापारी, औद्योगिक, साठवणुकीच्या आणि धोकादायक अशा इमारतींचे वर्ग केलेले आहेत. दानवस्तूंचे केंद्र यांपैकी कशात बसते? लोक येऊन वस्तू देतात व घेतात, म्हणून ते दुकानासारखे आहे. पण विक्री नाही. माल साठतो, म्हणून ते गोदामासारखे आहे. पण व्यापार नाही. सेवा होते, म्हणून ते संस्थेसारखे आहे. पण तेथे कोणी राहत नाही.

हा वाद केवळ शाब्दिक नाही. दुकान मानले तर वाहने उभी करण्याची जागा व रस्त्याची रुंदी यांना महत्त्व येते. गोदाम मानले तर आगीचा धोका पुढे येतो. सुती कापडाचे गठ्ठे एकदा पेटले की आतून धुमसत राहतात, आणि दाट गावठाणाच्या बोळात अग्निशामक बंब शिरणे कठीण असते. संस्था मानली तर दोन्ही प्रश्न दृष्टिआड होण्याचा संभव असतो. आणि सद्भावनेच्या भरात बहुधा हेच नाव पसंत केले जाते. यावर मार्ग असा की, नावाऐवजी क्रिया पाहाव्यात. स्वीकार, निवड, साठा आणि वाटप या चार क्रियांपैकी कोणत्या त्या जागेत होणार हे अर्जदाराने लिहून द्यावे. स्वीकार आणि वाटप गावठाणात चालू शकतात. निवड आणि साठा यांना रुंद रस्त्यालगतची वेगळी जागा अधिक योग्य.

खोलीचे गणित

परवानगीच्या चर्चेत खोली किती मोठी असावी यावर बराच वेळ जातो. साधे गणित असे सांगते की हा प्रश्न दुय्यम आहे. समजा, खोली १२ फूट लांब व १० फूट रुंद असून गठ्ठे ५ फूट उंचीपर्यंत रचावयाचे आहेत. म्हणजे ६०० घनफूट जागा झाली. आठवड्याला ६० घनफूट वस्तू आल्या आणि ४० घनफूट बाहेर गेल्या, तर दर आठवड्यास २० घनफूट साठा वाढतो आणि ३० आठवड्यांत खोली भरते. खोली दुप्पट केली तर ती ६० आठवड्यांत भरेल. भरणे टळणार नाही. उलट, आठवड्याला आलेल्या सर्व ६० घनफूट वस्तू बाहेर जात असतील आणि प्रत्येक वस्तू सरासरी ४ आठवडे राहत असेल, तर साठा २४० घनफुटांवर स्थिर राहतो. तोच काळ २ आठवड्यांवर आणला तर १२० घनफूट पुरतात. जागेची गरज आवकेच्या वेगावर आणि वस्तूच्या मुक्कामावर अवलंबून असते. त्यांपैकी मुक्काम हाच व्यवस्थेच्या हाती असतो.

म्हणून परवानगीचा खरा विषय दार नसून वाट होय. जे वस्त्र अंगावर घालण्याजोगे आहे ते कोणाकडे जाणार, जे तसे नाही ते कोठे जाणार, हे ठरलेले असले तर लहान खोलीही पुरते. ठरलेले नसले तर मोठे गोदामही अपुरे. १९९९ मध्ये अंशू गुप्ता यांनी दिल्लीत स्थापन केलेल्या 'गूंज' या संस्थेच्या कार्याचे मर्मही येथेच आहे. न वापरण्याजोग्या सुती कापडापासून पॅड, तुकड्यांपासून गोधड्या आणि गावकऱ्यांनी केलेल्या सार्वजनिक कामाच्या गौरवार्थ कपडे, अशा बाहेर जाण्याच्या अनेक वाटा तिने निर्माण केल्या. त्सुनामीनंतर तामिळनाडूत पडून राहिलेल्या कपड्यांची निवड व पुनर्वापर करण्याचे कामही तिने अंगावर घेतले होते.

बंदी की नियमन?

उपद्रव होईल या भीतीने सरसकट नकार द्यावा काय? अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या सेंट जॉन्स या लहान नगराने दानपेट्यांवर संपूर्ण बंदी घातली होती. 'प्लॅनेट एड' या संस्थेने त्याविरुद्ध दाद मागितली असता २०१५ साली तेथील संघीय अपील न्यायालयाने बंदीची अंमलबजावणी रोखणारा आदेश कायम केला. पेटी वेळच्या वेळी रिकामी करण्यासारख्या अटींनी कचरा आणि अडथळा यांचा बंदोबस्त होऊ शकतो. त्यासाठी दान मागण्याचे माध्यमच नष्ट करणे अवश्य नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. तो अमेरिकन संविधानातील अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर आधारलेला असल्याने येथे बंधनकारक नाही. परंतु त्यातील व्यवहारज्ञान, म्हणजे उपद्रवाचे नियमन करावे, कार्याचे निर्मूलन नव्हे, हे कोणत्याही ग्रामपंचायतीस उपयोगी पडणारे आहे.

ठरावाचे स्वरूप

यावरून ग्रामपंचायतीच्या ठरावात कोणत्या गोष्टी असाव्यात हे निष्पन्न होते. पहिली, जागेची ओळख : गावठाण की गावठाणाबाहेर, नमुना ८ किंवा सात-बारा यांवरील नोंद, आणि सक्षम अधिकारी कोण. दुसरी, चार क्रियांपैकी तेथे कोणत्या चालणार. तिसरी, वस्तू जास्तीत जास्त किती आठवडे राहील आणि साठ्याची कमाल उंची किती. चौथी, स्वीकारण्याच्या वेळा आणि दार बंद असताना बाहेर टाकलेल्या मालाची जबाबदारी. पाचवी, न वापरण्याजोग्या वस्तूंच्या विल्हेवाटीची लेखी व्यवस्था. औषधे व शिजविलेले अन्न यांना वेगळे कायदे लागू असल्याने ती वगळावीत. सहावी, परवानगीची मुदत : प्रथम एका वर्षाची परवानगी द्यावी आणि आवक-जावकेची नोंदवही ग्रामसभेपुढे ठेवल्यावरच तिचे नूतनीकरण व्हावे.

या सहा गोष्टींत दात्याच्या औदार्याची कसोटी कोठेही नाही. ती घेण्याचा अधिकार ग्रामपंचायतीस नाही आणि तिला त्याची गरजही नाही. पण घेणाऱ्याच्या प्रतिष्ठेचा विचार मात्र त्यांत अंतर्भूत आहे. ज्या केंद्रात वस्तू निवडून, घडी घालून, मुदतीत पुढे जाते तेथे ऊसतोड कामगाराची बायको मुलासाठी स्वेटर निवडून घेते. जेथे ढीग साचतो तेथे तिला तो उपसावा लागतो. दोन्ही ठिकाणी दाता तोच, वस्त्रही कदाचित तेच. फरक पडतो तो परवानगी देताना विचारलेल्या, किंवा न विचारलेल्या, प्रश्नांमुळे.