गोल न झाल्याचं कौतुक

मैत्रिणींनो, गल्लीतल्या मुलांचा फुटबॉल रंगात आला की गोलात कोण उभा असतो, ते कधी पाहिलंय? ज्याला फारसं पळवत नाही तो, नाहीतर सगळ्यांत धाकटा. "तू गोली हो" म्हणजे जवळजवळ शिक्षाच! आपल्याच लेकरानं "मला गोलकीपर व्हायचंय" असा हट्ट धरला, तर आपणही म्हणतो, "अरे, त्यापेक्षा गोल मारायला शीक ना!"

अशा आयांना ब्रह्मानंद शंखवाळकरांची गोष्ट माहीत हवी. पणजीजवळच्या ताळगावचे हे गोलकीपर. जन्म १९५४ चा. गोव्याच्या साळगावकर क्लबाचा गोल त्यांनी वर्षानुवर्षे राखला, भारताच्या संघाचे ते कप्तानही झाले. आजच्यासारखा पैसा तेव्हा फुटबॉलमध्ये नव्हता. साळगावकर, धेंपो हे गोव्यातले नावाजलेले क्लब खाणउद्योगातल्या घराण्यांच्या आधारावर चालत. देशातली राष्ट्रीय लीग १९९६ साली सुरू झाली, तोवर ह्यांचं खेळायचं वय सरत आलं होतं.

गोलकीपरचं काम किती कठीण, ते जरा डोळ्यांसमोर आणा. गोल २४ फूट रुंद आणि ८ फूट उंच, म्हणजे ऐसपैस दिवाणखान्याची एक आख्खी भिंतच म्हणा ना! पेनल्टी मारतात १२ यार्डांवरून. जोरात मारलेला चेंडू जेमतेम अर्ध्या सेकंदात येऊन थडकतो. उडी डावीकडे घ्यायची की उजवीकडे, हे तेवढ्यातच ठरवायचं.

१९८२-८३ मध्ये गोव्यानं संतोष ट्रॉफी बंगालबरोबर वाटून घेतली. राज्याराज्यांच्या संघांची ही मानाची स्पर्धा. पुढच्याच वर्षी मद्रासला पंजाबला १-० असं हरवून गोव्यानं ती एकट्यानं जिंकली. त्या आख्ख्या स्पर्धेत शंखवाळकरांनी एकही गोल होऊ दिला नाही! एका गोलानं करंडक मिळाला खरा, पण पलीकडचं ते शून्य होतं म्हणूनच तो एक गोल पुरला.

क्वचित एखाद्याच्या वाट्याला कौतुक लगेच येतं. २००२ च्या विश्वचषकात दक्षिण कोरियाच्या ली वून-जे ह्यानं स्पेनच्या खेळाडूची पेनल्टी अडवली आणि आशियातला संघ पहिल्यांदाच उपान्त्य फेरीत गेला. सारा देश रस्त्यावर येऊन नाचला. शंखवाळकरांना मात्र अर्जुन पुरस्कार मिळाला १९९७ साली आणि पद्मश्री २०२२ साली. संतोष ट्रॉफीनंतर तब्बल ३८ वर्षांनी!

आपल्याला ह्याचं नवल वाटू नये. दूध उतू गेलं की घरभर बोभाटा होतो. ते रोज उतू जात नाही, ह्याची दखल कोण घेतं?

आपल्या नागपूरला फुटबॉल काही परका नाही. कामठीचं फुटबॉलवेड जुनंच आहे. विजय बारसे सरांनी तर झोपडपट्टीतल्या मुलांना ह्याच खेळानं मैदानावर आणलं. तेव्हा घरातला मुलगा किंवा मुलगी गोलात उभी राहत असेल, तर अडवू नका. हातमोजे मापाचे घ्या, सैल नकोत. नखं कापलेली, हातात अंगठी-बांगडी नाही, हे बघा. लांब बाह्यांचा शर्ट घातला की कोपरं कमी सोलवटतात. खरचटलं तर जखम आधी साबण-पाण्यानं स्वच्छ धुवा. डोक्याला मार बसला तर मात्र त्या दिवसाचा खेळ तिथेच थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

आणि हो, मूल खेळून घरी आलं की "किती गोल केलेस?" असं विचारू नका बरं! "आज किती अडवलेस?" असं विचारा. पुरस्कार यायचे तेव्हा येतील. घरची शाबासकी तरी त्याच संध्याकाळी मिळायला हवी.