कागदावरचे वेड

कथेतला नायक एकदा वेडा झाला की लेखकाचे काम हलके होते, असा आपल्याकडे फार जुना समज आहे. शहाण्याच्या प्रत्येक कृतीला कारण द्यावे लागते. वेड्याला ते माफ! डोक्याला मार लागून बायकोचे नावही विसरलेला आणि शेवटच्या प्रकरणात दुसरा मार बसताच सारे लख्ख आठवलेला नायक कुणी पाहिला नाही? प्रत्यक्षात अशा माराने बहुधा अपघाताच्या आसपासचा काळ तेवढा पुसला जातो. स्वतःचे नाव सहसा शाबूत राहते. आणि दुसऱ्या माराने दुखणे बरे होत नाही, वाढते.

फलटणला आमच्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीने मागे विचारले, "सर, कुठल्याच पुस्तकात नसलेला मनोविकार कल्पून मला कथा लिहायची आहे. तो खरा कसा वाटेल?" प्रश्न मोलाचा होता. खऱ्या आजाराच्या बाजूने साक्ष द्यायला डॉक्टर असतो. काल्पनिक आजाराच्या बाजूने एकटा लेखक.

उत्तरासाठी फार लांब जायला नको. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनी 1890 साली शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'वरून 'झुंझारराव' लिहिले आणि त्यांचे 'संशयकल्लोळ' 1916 साली रंगभूमीवर आले. दोन्हींत दुखणे एकच, संशय! एकीकडे तो निरपराध बायकोचा जीव घेतो, दुसरीकडे प्रेक्षकांची हसून मुरकुंडी वळवतो. फाल्गुनरावांना एक तसबीर पुरते. पण मौज अशी की, त्यांचा पहिला समज सोडला तर पुढचे तर्क वकिलाला शोभावेत इतके सरळ असतात. 1955 साली ब्रिटनमधल्या दोन डॉक्टरांनी बायकोविषयीच्या अशा अनाठायी संशयाच्या विकाराला नाव शोधले, ते 'ऑथेल्लो'चेच. वैद्यकाला नाटककाराकडून नाव उसने घ्यावे लागले!

तेव्हा पहिला धडा हा, की वेडालाही वळण असते. एकच वीट वाकडी बसवावी. तिच्यावरची भिंत मात्र ओळंब्यात रचावी.

दुसरा धडा गावाचा. 1923 साली फ्रान्समधल्या कॅपग्रा या डॉक्टरांनी एका विलक्षण विकाराची हकीकत प्रसिद्ध केली. अशा रोग्याला आपली माणसे ओळखू येतात, पण ती खरी नव्हेत, त्यांच्या जागी हुबेहूब तोतये आणून बसवले आहेत, अशी त्याची खात्री असते. हाच धागा धरून आपण एक आजार कल्पू. फलटणचे एक निवृत्त कारकून. त्यांची खात्री पटली आहे की, आपले घर रातोरात कुणीतरी दुसऱ्या आळीत नेऊन ठेवले. भिंती त्याच, खुंटीवरची छत्री तीच; पण तुळशीवृंदावनाचे तोंड बदललेले! दिवेलागणीला ते पिशवी घेऊन 'घरी' निघतात. डॉक्टरी नाव दिले नाही तरी आजार डोळ्यांपुढे उभा राहतो, कारण त्याला वेळ आहे, पुरावा आहे आणि हातात पिशवी आहे.

पण अजून तो अर्धाच झाला. आता त्यांच्या पत्नीकडे पाहा. पहिले काही महिने तिने वाद घातला, शपथा घेतल्या, रडली. मग एके दिवशी तीही चपला घालून बरोबर निघाली. राममंदिराला वळसा घालून दोघे परतली आणि दारात ती म्हणाली, "चला, आलो बाई एकदाचे घरी!" ते निमूट आत आले. इथे कथा सुरू होते. कारण मनाचा आजार एकट्याचा कधीच नसतो. तो घराला होतो.

फलटणकरांना हे सांगायला नको. इथल्या महानुभाव मंदिरांत बाधेवर उतार पडावा म्हणून माणसे येत आली आहेत आणि त्यांच्याबरोबर त्यांचे घरही येते. विएडा स्कल्टन्स या अभ्यासक बाईंनी महाराष्ट्रातल्या एका महानुभाव देवस्थानातल्या अशा कुटुंबांवर 1987 साली लेख प्रसिद्ध केला. त्यांना आढळले की, अंगात येते ते पुष्कळदा रोग्याची सेवा करणाऱ्या बाईच्या. घरच्या माणसाचे दुखणे आपल्यावर यावे, ही तिची त्यामागची भावना. कल्पनेने हे सुचले असते का? सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 2004 सालच्या 'देवराई' चित्रपटात स्किझोफ्रेनिया झालेल्या शेषइतकीच त्याची बहीण सीना मनात राहते, तीही याचमुळे.

कुणी म्हणेल, आजार खोटाच आहे, मग एवढा काटेकोरपणा कशाला? कारण वाचक खोटा नसतो. काल्पनिक आजाराचा रोगी तक्रार करायला येत नाही. पण गोष्टीतला वेडा दर खेपेला सुरी घेऊन धावू लागला की त्याचे माप शेजारच्या खऱ्या मुलाच्या पदरी पडते. मनोरुग्णांपैकी बहुतेक जण कुणावर हात उगारत नाहीत. उलट जगाच्या धास्तीने कोपऱ्यात बसतात. तरी घरचे त्याला पाहुण्यांपासून लपवतात, धाकटीच्या लग्नाची बोलणी अडतील म्हणून डॉक्टरकडे जाणे लांबवतात. या भीतीला आम्हा लिहिणाऱ्यांनी काही कमी खतपाणी घातलेले नाही.

म्हणून नवा आजार कल्पावा, जरूर कल्पावा. मात्र छापायला देण्यापूर्वी तो अशा एखाद्या माउलीला वाचून दाखवावा, जिने वर्षानुवर्षे असे माणूस सांभाळले आहे. लक्षणे ऐकून ती म्हणेल, "हे काही मी पाहिले नाही बाई." पण रात्री कडीला कुलूप घालून किल्ली उशाखाली ठेवणारी तुमची नायिका ऐकताना तिने नुसती मान हलवली, तर तुमचा आजार खरा उतरला असे खुशाल समजा.