तिघांची तटबंदी

फुटबॉलमध्ये गोलरक्षकापुढे सामान्यतः चार बचावपटू असतात. तिघांवर भागेल काय? कोरमंगलाच्या रसिकांनी याची कसोटी शहरातीलच कंठीरव मैदानावर पाहिली. २०१७-१८ च्या हंगामात आल्बर्ट रोका यांच्या बंगळूर संघाने तिघांचा बचाव अवलंबिला व साखळीत ४० गुणांसह अग्रस्थान मिळविले. या रचनेत पुढे एक गडी वाढतो. परंतु मागे दोन्ही कडा उघड्या पडतात. त्या झाकण्यासाठी कडेच्या दोघांना चढाई करून तत्काळ परतावे लागते. १७ मार्च २०१८ रोजी अंतिम सामन्यात चेन्नईयिन संघ ३-२ असा विजयी झाला; पण त्यातील दोन गोल कॉर्नर किकवर डोक्याने झाले. त्या वेळी बहुतेक सारा संघच गोलासमोर असतो. तेव्हा दोष रचनेला देता येत नाही. तिघे पुरतात, मात्र कडेचे दोघे दमले, की पुरत नाहीत.