नाक्यावरची नोंद कुणाच्या हाती?

जून 2022 मध्ये एक व्हिडिओ मोबाइलवरून घरोघरी पोहोचला. काच पुसणारा मुलगा हातातले घड्याळ फास्टॅगवर फिरवतो आणि खात्यातले पैसे जातात, असे त्यात दाखवले होते. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने तो खोटा असल्याचा खुलासा केला. मुळात टॅगमध्ये पैसे नसतातच. त्यातल्या चिपला बॅटरीही नसते. नाक्यावरच्या अँटेनाच्या लहरींतून मिळेल तेवढ्या ऊर्जेवर ती क्षणभर जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. पैसे कापते बँक, तेही नोंदणीकृत टोलनाक्याच्या किंवा पार्किंगच्या मागणीवरून. पण लोकांचे लक्ष काचेवरच खिळले. त्या क्रमांकातून तयार झालेली नोंद कुठे राहते आणि किती काळ, हे विचारायचे राहूनच गेले.

नाशिकहून मुंबईकडे जाणाऱ्या गाडीची वेळ घोटीला टिपली जाते, पुण्याच्या वाटेवर शिंदे गावाजवळ, धुळ्याच्या वाटेवर पिंपळगाव बसवंतला. टॅग घेताना आरसी आणि ओळखपत्र दिलेले असल्याने टॅगच्या क्रमांकामागे माणसाचे नाव आहेच. या नोंदीचा पहिला त्रास घरातच होतो. गाडी नवऱ्याच्या नावावर आणि चालवणार बायको, तर ती कोणत्या नाक्यावरून किती वाजता गेली याचा मेसेज त्याच्या फोनवर येतो. गाडी विकली आणि टॅग बंद करायचा राहिला, की नव्या मालकाचा प्रवास जुन्या मालकाला कळत राहतो. यासाठी कुणाला काही चोरावे लागत नाही.

ज्याच्याकडे लपवण्यासारखे काही नाही त्याने कशाला घाबरायचे, असे म्हणतात. माहेरी, दवाखान्यात किंवा वकिलाकडे जाणे हा गुन्हा नाही, तरी ते चारचौघांत सांगायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. पोलीस तपासाला या नोंदी लागतात, हा आक्षेप वजनदार आहे. पण त्यासाठी ठरावीक गाडीची माहिती लेखी कारण देऊन मागता येते. सगळ्यांचा माग वर्षानुवर्षे साठवायची गरज नाही. मोबाइलही माग ठेवतो, हे खरे. मात्र तो घरी ठेवून निघता येते. फास्टॅग फेब्रुवारी 2021 पासून सक्तीचा आहे, नसेल तर जादा टोल पडतो. सक्ती करणाऱ्यावर जबाबदारीही तेवढीच मोठी येते. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने काम संपल्यावर माहिती पुसण्याचे बंधन घातले, पण सरकारी यंत्रणांना सवलतींचे दार बरेच उघडे ठेवले. 2027 च्या नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्याला लाखो गाड्या याच नाक्यांवरून येतील. त्यांच्या नियोजनाला किती गाड्या, कोणत्या वाटेने, केव्हा आल्या एवढे पुरते. गाडी कुणाची, हे लागत नाही. टोलची तक्रार करण्याची मुदत संपली की नोंदीतून गाडीचा क्रमांक काढून टाकावा आणि ही मुदत टॅगच्या अर्जावरच मराठीत छापावी.