एव्हरेस्टची खुर्ची आणि आपल्या पायऱ्या

पिंपळगाव बसवंतच्या एखाद्या दवाखान्यात भिंतीशी मिटून ठेवलेली चाकांची खुर्ची पाहताना ती प्रथम कुणी घडविली, हा प्रश्न सहसा मनात येत नाही. ती घडविणारा स्वतःच तिच्यावाचून हलू शकत नव्हता.

हर्बर्ट एव्हरेस्ट हा अमेरिकन खाण-अभियंता. १९१८ साली खाणीतील अपघातात त्याच्या पाठीचा कणा मोडला. तत्कालीन खुर्च्या अवजड. घरात कशाबशा फिरत, परंतु मोटारीत मावत नसत. म्हणजे घराबाहेर पडावयाचे तर प्रत्येक वेळी दुसऱ्याचे हात हवेत. हे परावलंबन त्याला मानवले नाही. यंत्र-अभियंता मित्र हॅरी जेनिंग्ज याच्या साहाय्याने त्याने पोलादी नळ्यांची खुर्ची तयार केली. आसनाखालचे दांडे फुलीसारखे जोडलेले, त्यामुळे आसन मधोमध उचलताच ती मिटे. १९३७ साली तिचे पेटंट मिळाले.

दोघांची कंपनी पुढे इतकी प्रबळ झाली की, किमती चढ्या ठेवल्याच्या आरोपावरून १९७७ साली अमेरिकन सरकारने तिच्यावर मक्तेदारीविरोधी खटला भरला. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हेही ध्यानी घ्यावे!

परंतु खर्च केवळ खुर्चीचा नसतो. अपंग द्राक्षबागायतदार खुर्ची मोटारीत घालून गावात येईलही. कचेरीच्या तीन पायऱ्या त्याने कशा चढाव्यात? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करण्यास, नियम निघाल्यापासून पाच वर्षे दिली. नियम २०१७ साली निघाले. मुदत २०२२ सालीच संपली. तीन पायऱ्यांशेजारी उतार बांधावयास थोडे सिमेंट, थोडी वाळू आणि गवंड्याचे एक-दोन दिवस लागतात.