तांबडी रेघ आणि आपला शब्दकोश

संगणकावर मराठी मजकूर लिहिणाऱ्यास एक अनुभव वारंवार येतो. ‘दुसऱ्या’ हा साधा शब्द लिहिला की त्याच्याखाली तांबडी नागमोडी रेघ उमटते. शब्द तर शुद्ध असतो. म्हणून लिहिणारा तो आपल्या व्यक्तिगत शब्दकोशात घालतो आणि रेघ नाहीशी होते. परंतु चार दिवसांनी दुसऱ्या कोणी लिहून दिलेल्या मजकुरात तोच शब्द पुन्हा रेघेसह पुढे उभा राहतो. शब्द कोशात आहे, अक्षरेही डोळ्यांना तीच दिसतात, तरी यंत्र त्याला ओळखत नाही. असे का व्हावे?

या प्रश्नाचे उत्तर समजून घ्यावयाचे तर यंत्र शब्द कसा तपासते हे प्रथम पाहिले पाहिजे.

यंत्राची तपासणी

संगणकाला शब्दाचा अर्थ कळत नाही. त्याच्याजवळ शब्दांची एक यादी असते. लिहिलेला शब्द त्या यादीत सापडला तर तो शुद्ध, न सापडला तर संशयास्पद, एवढाच त्याचा न्याय. ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत लेस अर्नेस्ट यांनी १९६१ साली हस्ताक्षर वाचणाऱ्या यंत्रणेसाठी सुमारे १०,००० इंग्रजी शब्दांची यादी वापरली होती. पुढे १९७१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात राल्फ गोरिन यांनी लेखन तपासण्याची स्वतंत्र आज्ञावली तयार केली.

रेघ ओढल्यावर यंत्र पर्यायी शब्दही सुचविते. त्यामागे फ्रेडरिक डॅमेराउ यांचे १९६४ मधील निरीक्षण आहे. त्यांना असे आढळले की, शंभरांतील ऐंशीहून अधिक चुका चार प्रकारांत बसतात : एक अक्षर गळणे, एक अधिक पडणे, एकाच्या जागी दुसरे येणे, आणि शेजारच्या दोन अक्षरांची अदलाबदल होणे. म्हणून एवढ्याच फरकाचे जे शब्द यादीत असतील ते यंत्र पुढे करते.

यंत्राजवळ दोन प्रकारचे कोश असतात. एक मुख्य कोश. तो त्या त्या भाषेसाठी तज्ज्ञांनी सिद्ध केलेला असतो. दुसरा व्यक्तिगत कोश. त्यात गावांची नावे, आडनावे, शास्त्रीय संज्ञा असे मुख्य कोशात नसलेले शब्द आपण स्वतः घालतो. बहुतेक तक्रारी या दुसऱ्या कोशाच्या असतात. त्यांचा शोध क्रमाने घ्यावा. उदाहरणासाठी आपण ‘लिब्रेऑफिस’ ही विनामूल्य मिळणारी लेखन-आज्ञावली घेऊ.

प्रथम भाषा पाहावी

मराठी आणि हिंदी यांची लिपी एकच आहे. केवळ अक्षरांवरून हा मजकूर कोणत्या भाषेचा, हे यंत्राला ठरविता येत नाही. परिच्छेदावर हिंदी भाषेची खूण असेल तर यंत्र हिंदीचा कोश उघडते आणि मराठीचे निम्मे शब्द तांबडे करते. मजकूर निवडून त्याची भाषा मराठी ठरवून देणे हा यावरील उपाय होय.

याच्या उलट प्रकार अधिक फसवा आहे. मराठीचा मुख्य कोश यंत्रात बसविलेलाच नसेल तर तपासणी होतच नाही आणि पान अगदी स्वच्छ दिसते. लिहिणाऱ्यास वाटते, एकही चूक नाही! म्हणून प्रारंभी एखादा मुद्दाम चुकीचा शब्द लिहून पाहावा. त्याच्याखाली रेघ उमटली तरच तपासणी चालू आहे असे समजावे.

कोश उघडा आहे काय?

व्यक्तिगत कोश एकाहून अधिक असू शकतात आणि प्रत्येकाच्या नावापुढे खूण करण्याची चौकट असते. ती रिकामी असेल तर तो कोश असून नसल्यासारखा. शिवाय कोशालाही भाषा जोडता येते. हिंदीला जोडलेला कोश मराठी मजकुरासाठी वाचला जात नाही. ‘सर्वत्र दुर्लक्ष करा’ आणि ‘कोशात घाला’ या दोन आज्ञांतील भेदही ध्यानात ठेवावा. पहिलीने रेघ तात्पुरती जाते. आज्ञावली बंद करून पुन्हा उघडली की ती परत येते.

आणखी एक गोष्ट. व्यक्तिगत कोश लेखाबरोबर प्रवास करीत नाही. तो वापरणाऱ्याच्या खात्यात, ‘वर्डबुक’ नावाच्या कप्प्यात, वेगळ्या फाईलमध्ये असतो. शाळेतील एका संगणकावर जमविलेले शब्द दुसऱ्यावर हवे असतील तर ती फाईल तेथे न्यावी लागते. मात्र ती हाताने उघडून दुरुस्त करताना दक्षता हवी. आज्ञावली आधी बंद करावी. आरंभीच्या ओळी यंत्राच्या माहितीसाठी असतात, त्यांना हात लावू नये. त्यांच्याखाली एका ओळीत एकच शब्द लिहावा. फाईल साठविताना अक्षरसंकेतन ‘यूटीएफ-८’ हेच ठेवावे, नाहीतर देवनागरीच्या जागी निरर्थक चिन्हे उरतात. ‘वर्ड’ या आज्ञावलीच्या कोशाचे संकेतन ‘यूटीएफ-१६’ असते. म्हणून एकीचा कोश दुसरीत जसाच्या तसा चालत नाही.

दिसायला एक, संकेतांत दोन

आता आरंभीच्या कोड्याकडे वळू. युनिकोड या जागतिक संकेतपद्धतीत प्रत्येक अक्षराला क्रमांक दिलेला आहे. ‘र’चा क्रमांक ०९३० आणि ‘ऱ’चा ०९३१. ‘दुसऱ्या’तील अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात ‘ऱ’, हलन्त आणि ‘य’ असे तीन संकेत येतात. दुसऱ्या प्रकारात साधा ‘र’, हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह आणि ‘य’ असे चार येतात. कागदावर दोन्ही सारखेच उमटतात. यंत्र मात्र आकृती पाहत नाही, क्रमांक पाहते. त्याच्या दृष्टीने हे दोन भिन्न शब्द होत.

‘ॲसिड’मधील ‘ॲ’चीही हीच कथा. त्याला ०९७२ हा स्वतंत्र क्रमांक २००८ साली मिळाला. तत्पूर्वी ‘अ’वर चंद्राचे चिन्ह देऊन ते अक्षर साधीत असत आणि जुन्या लेखांत ते आजही तसेच आहे.

परीक्षा सोपी आहे. संशयित शब्दाच्या शेवटी जाऊन मागे खोडण्याची कळ एकेकदा दाबावी आणि किती वेळा दाबावी लागते ते मोजावे. दोन सारख्या दिसणाऱ्या शब्दांची संख्या निराळी आली तर दोष सापडला. मग ‘शोधा व बदला’ ही सोय वापरून सर्व मजकूर एकाच पद्धतीत आणावा. दोन्ही रूपे कोशात घालून रेघ घालविता येते. परंतु त्यामुळे पुढे शब्द शोधताना निम्मेच सापडतात. ग्रंथसूचीच्या कामात ही हानी मोठी आहे.

विभक्तीचा प्रश्न

‘सोलापूर’ कोशात घातला तरी ‘सोलापुरात’ तांबडा राहतो. सामान्यरूपात ‘पू’ ऱ्हस्व होतो, हे साध्या यादीला ठाऊक नसते. मुख्य कोशाला असे नियम शिकविता येतात. लिब्रेऑफिस ज्या ‘हन्स्पेल’ यंत्रणेचा उपयोग करते, ती लास्लो नेमेथ यांनी हंगेरियन भाषेसाठी रचली. त्या भाषेतही शब्दाला प्रत्यय लागून असंख्य रूपे होतात. २०१८ पासून व्यक्तिगत कोशातही नव्या शब्दाजवळ एक नमुना-शब्द लिहून ‘हा याच्याप्रमाणे चालतो’ असे सांगता येते. त्यासाठी कोश विशिष्ट भाषेला जोडलेला हवा, आणि नमुना-शब्दाचे नियम मुख्य कोशात असावयास हवेत. ते नसतील तर नेहमी लागणारी रूपे एकेक करून घालावीत.

सर्वांत मोठा धोका

वरील दोषांत शुद्ध शब्द अशुद्ध ठरतो. त्याचा त्रास होतो, पण तो दिसतो. अशुद्ध शब्द शुद्ध ठरला तर मात्र काहीच दिसत नाही. समजा, कोणी घाईत ‘प्रसिध्द’ असे लिहिले. येथे ‘द’ला ‘ध’ जोडण्याऐवजी ‘ध’ला ‘द’ जोडला गेला आहे. रेघ उमटली. लिहिणाऱ्यास वाटले, यंत्रालाच हा शब्द ठाऊक नाही. म्हणून त्याने तो कोशात घातला. त्या क्षणापासून त्या संगणकावरील प्रत्येक पत्रात आणि प्रश्नपत्रिकेत ही चूक निर्वेध जाईल, आणि मुले तीच गिरवतील. यासाठी कोशाची यादी अधूनमधून वाचावी आणि संशयास्पद शब्द काढून टाकावेत.

यादीच्या पलीकडेही एक क्षेत्र उरते. ‘आचार्यांना बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’ ही दोन्ही वाक्ये निर्दोष आहेत. गुरूंना बोलवावयाचे की स्वयंपाक्यांना, हे यंत्र जाणत नाही. ‘सह्याद्रीच्या दर्या’ असे लिहिले तरी रेघ येत नाही, कारण समुद्र या अर्थाचा ‘दर्या’ शब्द खरा आहे. अशा वेळी वर्ज्य शब्दांचा वेगळा कोश करता येतो. भूगोलाच्या त्या पाठापुरता ‘दर्या’ त्यात घातला की तो चुकून आल्यास लगेच तांबडा होईल.

सारांश, भाषा, कोशाची खूण, फाईल, संकेत आणि रूपे या क्रमाने पाहत गेल्यास बहुतेक दोष सापडतात. शब्द कोशात घालण्यापूर्वी मात्र छापील कोश एकदा उघडून पाहावा. तांबडी रेघ ही केवळ शंका आहे. निर्णय लिहिणाऱ्याने करावयाचा आहे.